पावाच्या पिशवीतली काडतुसं

गुरुवारी सकाळी ऑर्व्हिल स्टॅकचा फोन आला, तेव्हा आर्डिथ हॉगन धुण्याच्या खोलीत तराजूसमोर बसली होती. तराजू एवढासा, तळहातावर मावेल असा, पण हळवा इतका की खिडकीची फट उघडी राहिली तरी काटा हलायचा. म्हणून फोन वाजला की आर्डिथ आधी बारूद परत डबीत ओतायची, डबीचं झाकण घट्ट लावायची आणि मगच उठायची. तोवर दहा-बारा घंट्या होऊन जात. पाइक क्रीकमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी घाईने फोन ठेवत नसे.

"आर्डिथ, शनिवारचं बोलायचं होतं," ऑर्व्हिल म्हणाला. तो बंदूक क्लबचा अध्यक्ष. "यंदा तू जरा आराम कर."

"मला काय झालंय आराम करायला?"

"तसं नाही गं. पहिल्या टेबलावर यंदा दुसऱ्या कुणाला बसवावं, असं आपलं... कमिटीचं..."

शिकारीचा मोठा हंगाम रविवारी उघडणार होता. आदल्या शनिवारी अख्खं खोरं आपापल्या रायफली घेऊन क्लबच्या मैदानावर जमायचं आणि शंभर यार्डांवरच्या कागदावर चार-दोन गोळ्या मारून नेम जुळवून घ्यायचं. तिथलं पहिलं टेबल चौदा वर्षं आर्डिथचं होतं. येणाऱ्याची रायफल आधी तिच्यासमोर उघडायची, त्याची काडतुसं तिने बघायची, मग पुढे. निम्म्या लोकांची काडतुसं तर तिनेच भरलेली असायची. बटाटे उकडता उकडता, शेजारी पुस्तक उघडं ठेवून ती हे काम शिकली होती. शिकवायला कुणी नव्हतं आणि शिकू नकोस म्हणायला बरेच होते. बदल्यात कुणी जंगली बेरींचा मुरंबा आणून द्यायचं, कुणी मोठ्या सांबराच्या मांसाचं पुडकं.

"ऑर्व्हिल, सरळ बोल. आडून बोलणं तुला चौथीत असल्यापासून जमत नाही."

"ड्वाइट काय सांगतोय ते तुझ्या कानावर आलंच असेल."

"नाही आलं."

"अरे देवा," ऑर्व्हिल म्हणाला.

मग त्याने सांगितलं. ड्वाइट म्हणजे आर्डिथचा थोरला दीर. उन्हाळ्यात त्याने नवी कोरी रायफल घेतली होती आणि गेल्या रविवारी ती घेऊन तो माळावरच्या छोट्या हरणांच्या शिकारीला गेला होता; तिचा हंगाम आधीच उघडतो. काडतूस आत घातलं तर ते पुढे ढकलून नळी मागून बंद करणारा बोल्ट बसेना. त्याने जोर लावून बसवला. तेवढ्यात हरणं उधळली. पुढे तारेचं कुंपण आलं. कुंपण ओलांडण्याआधी रायफल रिकामी करायची, हे तिकडे चालायला शिकल्याबरोबर शिकवतात. ड्वाइटने बोल्ट मागे ओढला, तर हातात आली नुसती पितळी पुंगळी. गोळी नळीतच रुतून बसलेली, आणि पुंगळीतलं बारूद राजगिऱ्यासारखं बोल्टच्या कानाकोपऱ्यांत सांडलेलं. रायफल जागीच ठप्प. चाळीस मैलांवरच्या कारागिराकडे नेऊन गोळी काढून घ्यावी लागली. आणि सोमवारपासून रोज सकाळी मर्नाच्या कॅफेत, खिडकीजवळच्या मोठ्या टेबलाशी, कथाकीर्तन चाललं होतं: आर्डिथच्या गोळ्या म्हाताऱ्याच्या दातांसारख्या, हाताने ओढल्या तरी निघतात. आज माझा दिवस गेला, उद्या कुणाचा डोळा जाईल.

"मी ड्वाइटला काडतुसं दिलीच नाहीत," आर्डिथ म्हणाली.

"तुझीच आहेत, आर्डिथ. मी पाहिली. बुडाला, ठिणगी पाडणाऱ्या टोपीभोवती, हिरव्या शाईचं कडं आहे. तसं या खोऱ्यात दुसरं कोण करतं?"

कुणीच करत नव्हतं. तिने फोन ठेवला. चार दिवस साऱ्या गावाने हे कॉफीबरोबर चघळलं होतं आणि तिच्यासमोर येऊन एकानेही तोंड उघडलं नव्हतं. कालच दुकानात भेटलेली मर्ना कांद्यांविषयी किती भरभरून बोलत होती!

ती फळीपाशी गेली. फळीवर खोके ओळीने लावलेले. आर्डिथकडे माणसाच्या नावाचा खोका नसायचाच, रायफलीच्या नावाचा असायचा. 'ग्लेनिसची छोटी.' 'ऑर्व्हिलची, नळी बदललेली.' कारण एकाच मापाच्या दोन रायफलीसुद्धा सख्ख्या जावांसारख्या असतात. एकीला जे पचतं ते दुसरीच्या घशात अडकतं. अगदी डाव्या टोकाला तिचा स्वतःचा खोका होता. लाल अक्षरांत लिहिलेला: 'बाबांची रायफल. फक्त हिच्यातच.' तिने तो उचलला. काड्यापेटीएवढाही जड लागला नाही.

मे ते ऑगस्ट तिने त्या वीस काडतुसांवर घालवले होते. बाबांनी ती रायफल चाळीस वर्षं वापरली होती. एवढ्या गोळ्या गेल्यावर गोळीला फिरकी देणारे नळीतले पेच जिथे सुरू होतात ती जागा झिजते. मग पुस्तकातल्या मापाने बसवलेल्या गोळीला पेचात शिरण्याआधी मोकळीच उडी मारावी लागते, आणि ती कागदावर कुठेही जाऊन पडते. बाबा गेल्यावर सगळे म्हणाले होते, संपली आता ती, भिंतीवर लाव. आर्डिथने नाही लावली. गोळी पुंगळीत केसभर कमी दाबायची, तीन बार काढायचे, चालत कागदापाशी जायचं, मोजायचं, वहीत लिहायचं. परत केसभर. बारूद कणाकणाने कमी-जास्त. ऑगस्टच्या एका सकाळी तिन्ही भोकं अंगठ्याच्या नखाखाली झाकली गेली. ती कागदाजवळच गवतात बसून राहिली होती. बाबा असते तर म्हणाले असते, 'ठीक आहे.' त्यांचं 'ठीक आहे' वर्षातून दोनदाच निघायचं.

धुण्याच्या खोलीत दोनच माणसांची ये-जा होती. एक ती.

दुसरा दुपारी जेवायला आला. लोवेल हॉगन. सव्वीस वर्षांचा संसार. भल्या स्वभावाचा माणूस, आणि भलेपणाचा सगळा त्रास घरच्यांना.

"लोवेल, बाबांच्या रायफलीचा खोका रिकामा आहे."

लोवेलने टोपी काढली. परत घातली. "शनिवारी तू चर्चमधल्या जेवणाला गेली होतीस, तेव्हा ड्वाइट आला होता. त्याला पहाटे निघायचं होतं, दुकानात काडतुसं संपलेली. त्याचीही दोनशे सत्तरच्या मापाची, हीही दोनशे सत्तरच्या मापाची. मला वाटलं..."

"खोक्यावरचं वाचलंस?"

"वाचलं."

"आणि तरी दिलास?"

"खोका कुठे दिला? वाचलं म्हणूनच तर दिला नाही."

आर्डिथ खुर्चीत बसली. "मग काडतुसं कशात घालून दिलीस?"

"पावाच्या पिशवीत," लोवेल म्हणाला.

चुलीवरची रस्सा-भाजी तेवढी बोलत होती.

"आणि मर्नाकडे ड्वाइट हे सगळं सांगत होता तेव्हा तू कुठे होतास?"

"तिथेच. म्हणजे सोमवारी, आणि मंगळवारी. काल मी उशिरा गेलो."

"आणि काय करत होतास?"

"पॅनकेक खात होतो."

"दोन्ही दिवस?"

"आर्डिथ, तू ड्वाइटला ओळखतेस. चार लोकांत त्याला खोटं पाडायचं म्हणजे तो वर्षभर..."

"आणि मला पाडलेलं चाललं?"

"तू तिथे नव्हतीस ना," लोवेल म्हणाला, आणि म्हणताक्षणी आपण काय बोललो ते त्याला कळलं असावं, कारण त्याने टोपी पुन्हा काढली.

ती नव्हती, म्हणूनच तर कुणी बोलायला हवं होतं! असणाऱ्याची बाजू त्याची त्याला घेता येते. आर्डिथच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि त्या आगीतही तिच्या हाताने त्याच्या ताटलीत आणखी एक बटाटा वाढला. हाताला सव्वीस वर्षांची सवय. मग तिला त्या हाताचाही राग आला.

"मी बोलतो ड्वाइटशी," लोवेल म्हणाला.

"ड्वाइटशी नको. सगळ्यांशी."

"बघतो."

त्या 'बघतो'ची तिला चांगली ओळख होती. परसातलं फाटक चार वर्षं त्या 'बघतो'वर लोंबकळत होतं.

शुक्रवारी सकाळी तिने दार उघडलं तर पायरीवर तीन खोके ठेवलेले. दार न वाजवता, चिठ्ठी न ठेवता, चोरपावलाने आणून ठेवलेले. तिन्हींवर तिचंच अक्षर. त्यातला एक 'ग्लेनिसची छोटी'. ग्लेनिस शाळेत शिकवायची. तिला बंदूक खांद्याला कशी लावायची इथपासून आर्डिथने शिकवलं होतं, आणि तिच्या पहिल्या हरणाच्या वेळी दोघी मिळून रडल्या होत्या. आर्डिथने तिन्ही खोके आत आणले आणि दार हळू लावायचं ठरवूनही जोरात लावलं.

रायफल चालवताना ते काडतूस आपल्या गालापासून चार बोटांवर फुटत असतं. ज्याच्या हातावर विश्वास नाही, त्याचं काडतूस कुणी गालाशी नेत नाही. 'आर्डिथची काडतुसं धोक्याची' हे एकदा हंगामाच्या तोंडावर पक्कं झालं की पुढे ती सोन्याची भरली तरी पायरीवरच परत येणार होती. तिला तिचं नाव परत हवं होतं. गुपचूप नको, दिरा-भावजयीत मिटवलेलं नको. जिथे गेलं तिथे, चार लोकांत.

दुपारभर बसून तिने एक काडतूस बनवलं. बारूद नाही, टोपी नाही, बुडाला आरपार भोक. गोळी मात्र बाबांच्या रायफलीच्याच मापाने, केसभर इकडे नाही की तिकडे.

शनिवारी मैदानावर वारा होता. तीस-एक गाड्या, टेकडीपर्यंत लागलेली रांग, थर्मासमधली कॉफी, थंडीने लाल झालेली नाकं. आणि पहिल्या टेबलावर, तिच्या खुर्चीत, पाय पसरून बसलेला ड्वाइट.

कमिटीला दुसरं कुणी मिळालं नव्हतं! चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं. इथे चोराला खुर्चीसुद्धा.

"आली बघा!" ड्वाइट ओरडला. "डोळे सांभाळा रे सगळे!"

दोघं-तिघं हसले. हसू मनापासून आलं नव्हतं, तरी हसले.

"ड्वाइट, तुझी रायफल दे."

"कशाला? आणखी एक दात बसवतेस?"

"आधी उघडून दाखव रिकामी आहे का. या टेबलावर बसणाऱ्याला हे सांगावं लागू नये."

ड्वाइटने दाखवलं. आर्डिथने ते भोकवालं काडतूस ऑर्व्हिलच्या हातात दिलं. ऑर्व्हिलने ते डोळ्याला लावून आत पाहिलं, पुढच्याला दिलं, त्याने त्याच्या पुढच्याला. सगळ्यांचं बघून झाल्यावर तिने कॉफीच्या रिकाम्या डब्यात, वाऱ्याआड, मेणबत्ती पेटवली आणि गोळी ज्योतीवर धरून काजळीने काळी केली. काळी कुळकुळीत, कुठे तांब्याचा टिपकासुद्धा दिसू नये अशी. मग ते काडतूस ड्वाइटच्या रायफलीत घातलं आणि दोन बोटांनी बोल्ट पुढे ढकलला. बोल्ट अर्ध्यात अडला.

"इथे अडतोय," ती म्हणाली. "रविवारी इथेच अडला होता का?"

"इथेच. म्हणजे बघा लोकहो..."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? तळहाताने ठोकला."

"जोरात?"

"जोरात म्हणजे! दोनदा. असातसा बसतोय होय," ड्वाइट अभिमानाने म्हणाला.

रांगेतला एक म्हातारा खाकरला. अडलेला बोल्ट ठोकू नये, हे त्या रांगेत शाळकरी पोरांनाही माहीत होतं. ऑर्व्हिल आकाशाकडे बघू लागला.

आर्डिथने काडतूस हलक्या हाताने बाहेर काढून टेबलावर ठेवलं. काजळीवर चार चकचकीत ओरखडे, चारी बाजूंनी, सारख्या अंतरावर. "हे तुझ्या रायफलीचे पेच. नवी आहे, तिचे पेच अलीकडेच सुरू होतात. तू गोळी हाताने ठोकून त्यांत रुतवलीस. मागे ओढल्यावर ती कशी येईल?" तिने गोळी पुसली, पुन्हा काजळी धरली आणि ते काडतूस सोबत आणलेल्या बाबांच्या रायफलीत घातलं. बोल्ट लोण्यात सुरी जावी तसा बसला. बाहेर काढली तेव्हा गोळी होती तशी काळीच.

लोक वाकून वाकून बघत होते. एकाने बोट लावून पाहिलं आणि बोट पँटला पुसलं.

"म्हणजे तू लांब भरलीस," ड्वाइट म्हणाला. "कबूल कर ना मग."

"बाबांच्या रायफलीसाठी भरली."

"मला काय स्वप्न पडलं होतं?"

तिने रिकामा खोका त्याच्यासमोर ठेवला. ऑर्व्हिलने चष्मा लावून मोठ्याने वाचलं: "बाबांची रायफल. फक्त हिच्यातच."

"हा खोका मी जन्मात पाहिला नाही!" ड्वाइट उसळला. "माझ्याकडे आली पावाच्या पिशवीत!"

"कुणी दिली?"

ड्वाइटने गाड्यांकडे पाहिलं. पाच दिवसांच्या कीर्तनात हा भाग त्याने गाळला होता. 'भावाने दिली' यात रंगत नव्हती. 'आर्डिथची' म्हटलं की टेबल पुढे झुकायचं.

त्याच्या मागोमाग सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्या. आपल्या गाडीमागे उभा राहून लोवेल कपात कॉफी ओतत होता. कप भरून वाहत होता, तरी ओततच होता.

"लोवेल?" ऑर्व्हिलने हाक मारली.

आर्डिथ ओठ आवळून उभी राहिली. हे तरी त्याचं त्याने करायला हवं होतं.

"मी दिली," लोवेल म्हणाला. आवाज इतका लहान की वाऱ्याने अर्धा नेला. मग त्याने कप गाडीवर ठेवला आणि जरा मोठ्याने म्हणाला, "लेबल वाचलं होतं मी. ती रागावेल म्हणून खोका घरी ठेवला."

मग कुणीतरी फस्सकन हसलं.

"लोवेल, लेका! पावाच्या पिशवीत!"

"लोणी लावलं होतंस का रे?"

"बायकोला घाबरून मोठ्या भावाला मारायला निघाला!"

पाठीवर थापा पडल्या. लोवेलही कसनुसा हसला. ड्वाइट तर सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसला. मिनिटभरात संपलं सगळं. धुऊन निघाल्यासारखं.

आर्डिथ बघत राहिली. काडतुसं तीच, रुतलेली गोळीही तीच. तिचं नाव होतं तेव्हा पाच दिवस ते संकट होतं. कुणाचा डोळा जाणार होता, कमिटी बसणार होती, पायरीवर खोके परत येणार होते. लोवेलचं नाव निघालं आणि त्याचा मिनिटात विनोद झाला. पुरुषाची चूक म्हणजे गंमत, आणि बाईची नसलेली चूकसुद्धा धोका!

"चला, झालं गेलं," ऑर्व्हिल हात चोळत म्हणाला. "आर्डिथ, बस तुझ्या जागेवर. रांग बघ केवढी झालीय."

ड्वाइट उठला. गादी सोडणाऱ्या राजाच्या थाटात त्याने खुर्ची तिच्याकडे सरकवली. "आणि माझ्यासाठी एक खोका भर हं. माझ्या रायफलीच्या मापाचा. मुरंबा देतो ना."

आर्डिथ बसली नाही.

"ड्वाइट, तू किती सकाळी सांगत होतास?"

"काय?"

"सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. पाच. मला कुणी एका मिनिटात 'झालं गेलं' म्हणालं नाही. या टेबलाशी उभ्या असलेल्या दहा जणांनी आत्ता खरं ऐकलं. मागच्या गाड्यांतल्या लोकांनी अजून तुझंच ऐकलेलं आहे. जा, सांग त्यांना. एकेका गाडीपाशी जाऊन."

"सगळ्यांना? अगं, कळेल त्यांना आपोआप!"

"माझी बदनामी आपोआप कळली नाही. तुला रोज जावं लागलं."

"आर्डिथ, उद्या हंगाम उघडतोय," ऑर्व्हिल विनवणीच्या सुरात म्हणाला. "लोकांना नेम जुळवायचाय."

"मग लवकर सांगून यायला सांग त्याला. तोवर मी उभी आहे."

आणि ती उभी राहिली. रायफल खुर्चीला टेकवून, हाताची घडी घालून. वारा वाढला. रांगेतले पाय आपटू लागले. ड्वाइट हसून इकडेतिकडे बघत होता, कुणी आपल्या बाजूने बोलेल म्हणून. बोललं कुणी नाही. मग रांगेतून ग्लेनिसचा आवाज आला. चेहरा शिकारीच्या लाल टोपीपेक्षाही लाल.

"जा ना ड्वाइट! माझी बोटं गोठली. आणि मी खोका परत केलाय, मलाही नीट सांग. माझ्यापासूनच सुरू कर. मला लाज वाटून घ्यायचीय ती एकदाच घेते."

ड्वाइट निघाला. दोन पावलं गेला असेल, तर लोवेल गाडीमागून आला आणि त्याच्या बरोबरीने चालू लागला.

"तू कशाला येतोस?"

"तू गाळशील ते सांगायला," लोवेल म्हणाला.

आर्डिथला टेबलापाशी वाऱ्याबरोबर जवळजवळ सगळं ऐकू येत होतं. ग्लेनिसपाशी ड्वाइट म्हणाला, "जरा घोटाळा झाला होता." लोवेल म्हणाला, "घोटाळा नाही. मी लेबल लपवलं आणि याने अडलेला बोल्ट ठोकला. परत सांग." पहिल्या गाडीपाशी ड्वाइटने लेबल सांगितलं, बोल्ट गाळला. लोवेलने परत सांगायला लावलं. दुसऱ्या गाडीपाशी दोघं भाऊ जवळजवळ भांडले. तिसऱ्या गाडीपाशी सगळं बरोबर आलं, पण पायाच्या अंगठ्याला सांगावं इतक्या हळू.

चौथ्या गाडीत लार्सन आजोबा होते. कान गेलेले, वय नव्वदीला टेकलेलं. त्यांनी काच खाली केली.

"काय म्हणतोस?"

"आर्डिथची काडतुसं बरोबर होती," ड्वाइट म्हणाला.

"मोठ्याने बोल! बायकांसारखा काय कुजबुजतोस?"

"आर्डिथची काडतुसं बरोबर होती! चूक माझी होती! मी बोल्ट ठोकला!"

टेकडीपर्यंत गेलं ते. रांगेतली सगळी डोकी वळली.

"मग मला काय सांगतोस?" आजोबा ओरडले. "तिला सांग!"

लोवेलने तेवढ्यात लांबून टेबलाकडे पाहिलं. आर्डिथने मान वळवली नाही. त्याच्याकडे बघितलं असतं तर हसू आलं असतं, आणि एवढ्यात तिला हसायचं नव्हतं. बदनामी पाच दिवसांची होती, आणि उभं राहून वसुली फार तर अर्ध्या तासाची झाली होती. अजून सव्वीस गाड्या बाकी होत्या. पण रांगेत पहिल्या उभ्या असलेल्या माणसाचे दात वाजत होते, आणि त्याने तर काही केलं नव्हतं.

तिने खुर्ची ओढली, बसली आणि हातमोजे काढले.

"या," ती म्हणाली. "रायफल उघडून दाखवा."